क्लास आहेच, वर घरी सरही?

दिवाळीच्या आसपास बारावी सायन्सच्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. क्लासची बहुतेक फी भरून झालेली असते, एखादा हप्ता तेवढा उरलेला असतो, आणि टेस्टमध्ये तीनशेपैकी नव्वदच्या पुढे मजल जात नाही. मग नात्यातलं कोणीतरी सांगतं, "अहो, फिजिक्सला घरी सर लावा. आमच्या भाचीला खूप फरक पडला." आपल्याकडच्या शहरांत घरची शिकवणी क्लासऐवजी क्वचितच येते. ती बहुतेकदा क्लासच्या डोक्यावर चढवलेला दुसरा मजला असते, आणि खालचा मजला पक्का आहे का हे पाहायला कोणाला सवड नसते.

केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक नमुना सर्वेक्षणात देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी शाळेशिवाय शिकवणी घेताना दिसले. शहरांत हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या जवळ आहे. यात पहिली-दुसरीची मुलंही आली. जेईई, नीट, सीईटीच्या वाटेवर असलेल्या घरांमध्ये 'क्लास लावायचा का' ही चर्चा संपून जमाना झाला. तिथे प्रश्न असतो तो 'आणखी काय लावायचं' हा.

पैशांच्या आधी तासांचा हिशेब करावा. बारावीचा मुलगा खरोखर कॉलेजला जात असेल तर पाच तास तिथे गेले. क्लास चार तास. मुंबईत लोकल किंवा पुण्यात सिंहगड रोडची संध्याकाळ धरली तर प्रवासाचे दीड-दोन. सात तास झोप, जेवणखाण, आंघोळ, थोडा मोबाइल (तो नाहीच असं समजणाऱ्या पालकांना नमस्कार). उरतात जेमतेम तीन-चार तास. एकट्याने टेबलाशी बसून गणितं सोडवायचे तास हेच. घरी येणारे सर वेळ मागतात तो नेमका यातला. आठवड्यातून तीनदा दीड तास शिकवणी, वर त्यांचा गृहपाठ. सरांनी एकही नवी गोष्ट शिकवली नाही तरी किंमत वसूल झालेलीच असते, मुलाच्या स्वतःच्या अभ्यासातून. म्हणून सर चांगले आहेत एवढ्याने भागत नाही. त्या दीड तासात मुलगा एकट्याने जे करू शकला असता त्याहून जास्त काही होणार आहे का, हे पाहावं लागतं.

एकास एक शिकवण्याचा गुण मोठा, हे खरंच आहे. शिकागो विद्यापीठातले बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एक निबंध लिहिला आणि आजही शिकवणीच्या जाहिराती त्याच्या जोरावर चालतात. स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, असं त्यात म्हटलं होतं. जाहिरातीत पुढचं येत नाही. ते प्रयोग शाळकरी मुलांवर झाले, सुमारे तीन आठवडे चालले, आणि विषय होते संभाव्यता आणि नकाशाशास्त्र. शिवाय त्या मुलांची वारंवार चाचणी घेतली जाई, चूक दाखवून ती दुरुस्त करून घेतली जाई, आणि धडा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ दिलं जात नसे. नंतरच्या अभ्यासांत शिकवणीचा फायदा दिसला. पण बराच कमी. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये घेतलेल्या आढाव्यात तो ब्लूम यांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही खाली आला. माझ्या मते यातून घ्यायचं ते इतकंच की फायद्याचा मोठा भाग चाचणी आणि दुरुस्तीत आहे. सर समोर बसून बोलले म्हणून काही होत नाही.

ती चाचणी क्लासमध्ये दर रविवारी होतेच. पण घरी तिचे फक्त गुण पाहिले जातात. उत्तरं कोणी उलगडून पाहत नाही. सर शोधण्याआधी शेवटच्या तीन टेस्ट घेऊन मुलाला त्याच्याच हाताने प्रत्येक गेलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायला सांगावं. धडा मुळात कळलाच नाही, की सूत्र येत होतं पण सुरुवात कुठून करायची ते सुचलं नाही? आकडेमोडीत घसरला, प्रश्न चुकीचा वाचला, की प्रश्नापर्यंत पोचलाच नाही? 'सिली मिस्टेक' हे उत्तर मात्र चालवून घेऊ नये. त्या दोन शब्दांच्या पांघरुणाखाली बरंच काही झाकलेलं असतं.

ही यादी बोलू लागते. गेलेले निम्मे प्रश्न परिवलन गती आणि विद्युत चुंबकत्व या दोन धड्यांतले असतील, तर त्या दोन धड्यांपुरते सर हवेत, वर्षभराचे नकोत. आकडेमोड चुकत असेल तर कोणतेही सर काही करू शकत नाहीत, घड्याळ लावून रोज वीस गणितं सोडवावी लागतात. वेळ पुरत नसेल तर पूर्ण लांबीचे सराव पेपर हवेत, आणि ते फुकट मिळतात. जेईईच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळांवर आहेत, शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचं 'साथी' पोर्टल आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅबलेटही. हे दार न ठोठावता लोक ताशी पैसे मोजायला निघतात.

एका बाबतीत मात्र मी खासगी शिकवणीच्या बाजूने ठाम आहे. अकरावी वाया गेलेली असते, आणि बारावीचा क्लास कोणासाठी थांबत नाही. दीडशे जणांच्या बॅचमध्ये सर इलेक्ट्रोस्टॅटिक्स शिकवत असतात आणि मुलाला अजून सदिशांची बेरीज जमत नसते. हा 'बॅकलॉग' क्लासच्या डाउट काउंटरवर सुटत नाही, कारण डाउट विचारायलाही थोडं कळावं लागतं. इथे महिना-दोन महिने शेजारी बसून मागचं उकलून देणारा माणूस लाखमोलाचा. हेच मराठी माध्यमातून दहावी करून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकांत पडलेल्या मुलाचं. जेईई मेन आणि नीटचे पेपर मराठीतही मिळतात. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. अशा मुलाला पहिल्या सत्रात दोन्ही भाषांत समजावून सांगणारं कोणी मिळालं तर पुढची दीड वर्षं सुसह्य होतात. बारावीच्या डिसेंबरात तीच मदत उशिरा आलेली असते.

परीक्षा कोणती, यावरही सगळं ठरतं, आणि इथे घरांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० गुण. भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, त्यांना ९० मिनिटं. म्हणजे निम्मा पेपर गणिताचा. सुमारे ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि चुकीला गुण वजा नाहीत. राज्यातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयावर नजर असेल आणि एकच सर परवडणार असतील, तर ते गणिताचे असावेत, हे आकडेच सांगतात. तरीही सीईटीच्या मुलाला जेईई ॲडव्हान्स्डची गणितं घालणारे सर लावले जातात. का, तर ते 'भारी शिकवतात'.

नीटमध्ये उलट चित्र. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, आणि त्याचा पाया एनसीईआरटीचं पुस्तक. ते ओळ न् ओळ वाचायला माणूस लागत नाही, चिकाटी लागते. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटं झाली आहेत. जीवशास्त्र झटपट उरकून वाचवलेली मिनिटं भौतिकशास्त्रात घालायची, हा बहुतेकांचा डाव असतो. २०२५ च्या पेपरात भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना घाम फोडला. नीटच्या मुलाला शिकवणी लागलीच तर ती बहुधा याच विषयात लागते. आणि जेईई ॲडव्हान्स्ड? तिथे गणित हाती घेताच उकल सांगणारे सर म्हणजे नुकसानच. त्या परीक्षेला एका गणिताशी तासभर एकट्याने झुंजायची सवय लागते, आणि समोर उत्तर माहीत असलेला माणूस बसला असेल तर कोण झुंजेल?

आता माणूस कोण निवडायचा. तिन्ही विषय शिकवतो म्हणणाऱ्याकडे मी जरा संशयानेच पाहते. निवृत्त ज्युनिअर कॉलेज शिक्षक बोर्डाला आणि सीईटीला उत्तम, पण जेईईचा आजचा पेपर त्यांनी पाहिला आहे का, विचारायला हरकत नाही. सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी शिकणारा दुसऱ्या वर्षाचा मुलगा डाउट सोडवायला बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतो. परीक्षा त्याच्या अंगात ताजी असते आणि मुलं 'दादा'ला मूर्ख प्रश्न बिनधास्त विचारतात. त्याच्या स्वतःच्या सेमिस्टरच्या परीक्षा आल्या की तो गायब होतो, हे धरून चालावं.

डेमोच्या वेळी सर आपला हातखंडा धडा घेतात आणि सगळं घर खूश होतं. त्याऐवजी मुलाची चुकलेली टेस्ट त्यांच्यापुढे ठेवावी आणि शांत बसून पाहावं. ते मुलाला 'तू हे कसं केलंस?' विचारतात, की थेट स्वतः सोडवून दाखवतात? तासभर पेन कोणाच्या हातात होतं? पेन सरांच्याच हातात राहिलं असेल तर क्लासमध्ये जे होतं तेच घरी होणार, फक्त सोबत चहा द्यावा लागणार.

नियमांचा आधार इथे तोकडा आहे. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, रँकची हमी देऊ नये, मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. पण त्या लागू होतात पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना. घरी येणाऱ्या सरांशी तुमचा करार म्हणजे तुम्ही तोंडी बोलाल तो. त्यामुळे सहा महिन्यांची फी एकरकमी देऊन सवलत घेण्याच्या फंदात पडू नये. महिन्याची महिन्याला द्यावी. 'माझा विद्यार्थी अमुक कॉलेजला लागला' याचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियम आणले, कारण जाहिरातीतल्या यशवंताने नेमका कोणता कोर्स केला होता हेच लपवलं जाई. घरच्या सरांनाही तेच विचारावं: तो मुलगा तुमच्याकडे किती महिने होता, आणि कोणत्या विषयाला?

ताशी हजार रुपये धरू, आठवड्याला चार तास, आठ महिने. सुमारे १४० तास आणि १ लाख ४० हजार रुपये. हेच दोन धड्यांसाठी वीस तास घेतले तर वीस हजार. वर्षभराची शिकवणी लावणारी घरं हा फरक जाणत नाहीत असं नाही. पण वीस तासांची शिकवणी लावली की आपण काही कमी पडू दिलं नाही, असं पालकांना वाटत नाही. थोडं स्पष्ट बोलायचं तर बऱ्याच घरी सर आईबाबांना झोप लागावी म्हणून येतात. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, 'लावा हवं तर.' या 'हवं तर'चा अर्थ नको असा असतो, आणि मनाविरुद्ध लावलेल्या शिकवणीत मुलगा मान डोलवायला तेवढा शिकतो.

जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, बोर्ड फेब्रुवारीत, दुसरं सत्र आणि सीईटी एप्रिलच्या सुमारास. दिवाळीनंतर सर आले तर पहिल्या सत्रापर्यंत दहाच आठवडे हाती असतात. त्यात नवे धडे घेण्यापेक्षा चुकांची यादी मिटवणं इतकंच जमतं, तेही यादी तयार असेल तर. आणि डिसेंबरनंतर बहुतेक मुलांना शिकवणीपेक्षा मोकळा वेळ जास्त उपयोगी पडतो. तेव्हा अडचण येते ती सर बंद करण्याची. आपल्याकडे सर लावणं सोपं, 'आता येऊ नका' म्हणणं महाकठीण; घरच्या गणपतीला जेवून गेलेल्या माणसाला कसं सांगायचं? म्हणून पहिल्याच दिवशी, फी ठरवतानाच सांगून ठेवावं: हे पाच धडे, नाताळपर्यंत, दर पंधरवड्याला एक लेखी चाचणी. चांगलं शिकवणारे सर याला राजी होतात, कधी कधी त्यांनाच हायसं वाटतं. जे होत नाहीत त्यांना त्याच दिवशी चहा पाजून निरोप देता येतो.