बारा मिलिसेकंदांची सोबत

सायलिक आम्ल जोडायची वेळ आली की शर्करेच्या रसायनात मुरलेली माणसंही सावध होतात. जोड जिथे व्हायचा तिथेच कार्बॉक्सिल गट अडून बसलेला असतो, आणि दिशा ठरवून देणारा गट शेजारी नसतो. त्यामुळे हव्या त्या आल्फा जोडाबरोबर नको असलेला बीटाही तयार होतो. मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी टीएलसीची पट्टी आम्लात बुडवून हॉटप्लेटवर तापवली की शर्करेचे डाग काळे पडतात. दोन्ही डाग जवळजवळ चिकटलेले. मग कॉलम लावायचा आणि नळीमागून नळी तपासत राहायचं. शोधनिबंधात एका ओळीत उरकलेलं हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

हा खटाटोप गँग्लिओसाइडसाठी. हे मेदरेणू पेशीपटलाच्या बाहेरच्या थरात असतात. दोन शेपट्या आत रुतलेल्या, सायलिक आम्ल असलेलं शर्करेचं डोकं बाहेर. ते दिसावेत म्हणून पूर्वी चकाकणारा रंग शेपटीला लावत. पण रंगाचा बोजड गट शेपट्यांच्या दाटीत मावत नाही. पटलातल्या कोलेस्टेरॉलयुक्त पुंजक्यांत, म्हणजे ‘राफ्ट’मध्ये, असा रेणू नीट शिरतच नाही. कॉलराच्या विषाचा तुकडा वापरावा, तर तो जीएम१ या गँग्लिओसाइडचे एका वेळी पाच रेणू धरू शकतो. ज्यांचं विखुरणं पाहायचं, त्यांनाच तो गोळा करतो.

जपानमधल्या गिफू आणि क्योतोच्या संशोधकांनी, त्यांत मकोतो किसो, हिरोमुने आंदो, अकिहिरो कुसुमी होते, रंग शर्करेच्या डोक्यावर बसवला. तोही पाण्यात रमणारा, म्हणजे स्वतः पटलाला चिकटणार नाही असा. नैसर्गिक रेणू जिथे जातात तिथेच हे रंगवलेले रेणू जातात, याची आधी खात्री केली. २०१६ साली हे काम प्रसिद्ध झालं.

एकेका रेणूच्या अशा चित्रफिती बघताना डोळा सरावायला वेळ लागतो. काचेलगतचा पातळ थरच उजळलेला असतो. त्यात ठिपके थरथरत सरकतात आणि एखादा एका झटक्यात विझतो. तसा विझला, की तो एकटाच रेणू होता असं मानता येतं. दुसऱ्या रंगात राफ्टमध्ये जाणारं सीडी५९ हे प्रथिन. दोन ठिपके भेटतात, थोडं अंतर बरोबर जातात, सुटतात. सीडी५९ एकटं असेल तर ही सोबत सुमारे १२ मिलिसेकंद टिकते, जोडीत असेल तर ४०. नेहमीच्या व्हिडिओची एक चौकटच ३३ मिलिसेकंदांची. तिच्यात पहिली भेट सापडणं अवघड. पेशीतलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं की ही सोबत घटते. आणि शांत पेशीत एकही गँग्लिओसाइड राफ्टमध्ये मुक्काम ठोकून बसलेला आढळला नाही. सगळे सतत येत-जात होते.