जमिनीखालचा चकवा

"साहेब, पाणी किती फुटांवर हाय?" यंत्राची पेटी उघडायच्या आतच हा प्रश्न येतो. माझं यंत्र पाणी दाखवतच नाही, हे समोरच्याला कसं सांगावं, ते मला इतक्या वर्षांत साधलेलं नाही.

शेतात एका रेषेत चार पोलादी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजायचा. बाहेरच्यांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोल उतरते. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जर यांनी १९१२ साली अशी वीज जमिनीत सोडून पाहिली, तेव्हापासूनचं हे शास्त्र. हाती येतो तो एक वक्र आलेख. आपल्या घट्ट काळ्या पाषाणाची रोधकता शेकडो ओहम-मीटर, ओल्या मुरमाची वीस-तीस. म्हणजे आलेख खाली झुकला की पाणी? नाही! लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लाल चिकणमाती असते. तिचीही रोधकता कमीच. पण ती पाणी धरून ठेवते, सोडत नाही.

खरी गोम पुढेच आहे. कठीण खडकांत दबलेल्या अशा पातळ थराचं आलेखावर उमटतं ते जाडी आणि रोधकता यांचं गुणोत्तर. १० मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा मुरूम काय किंवा ५ मीटर जाडीची १० ओहम-मीटरची माती काय, आलेख जवळजवळ एकच. संगणक हे गणित चुटकीसरशी करतो. दोन्ही उत्तरं त्याला सारखीच पटतात.

बीड जिल्ह्यातल्या एका शेतात मी मुरूम निवडला. का? तर मलाही पाणीच हवं होतं. बोअरमधून काळी भुकटी उडाली, मग लाल चिखल, मग पुन्हा काळी भुकटी. गाडीवाला फुटामागे पैसे घेतो, पाणी लागो न लागो. मालकांनी बैलजोडी विकली होती. "नशीब, साहेब," एवढंच ते म्हणाले. मी गप्प राहिलो.

परतताना शेजारची विहीर पाहिली. चौदा मीटरांखाली लाल पट्टा लख्ख उघडा होता.

आता मी आधी आसपासच्या विहिरींत उतरतो आणि टेपने पट्टा मोजतो. जाडी कळली की दोनांतलं एक उत्तर गळतं. परवा एक आजोबा काठावरून ओरडले, "साहेब, मिशिन वर आन् तुम्ही खाली कशाला?"