पुसलेली फाइल आणि तिचा पुन:शोध : वाणगाव परिसरातील बोली-ध्वनिमुद्रणांच्या निमित्ताने

वाणगाव हे पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड या दोन स्थानकांच्या मध्ये वसलेले, डहाणू तालुक्यातील गाव होय. भाषेच्या अभ्यासकास या परिसराचे आकर्षण वाटावे, याला सबळ कारणे आहेत. पूर्वेकडील पाड्यांतून वारली बोलली जाते, किनाऱ्याच्या अंगाला मांगेली आणि वाडवळी कानी पडतात, गुजरातीचा शेजार जुना आहे, आणि तारापूर-बोईसरच्या कारखान्यांमुळे दूरदूरच्या प्रांतांतील भाषाही गेल्या काही दशकांत येथे येऊन स्थिरावल्या आहेत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणातील अशा बोलींचे नमुने छापलेले आहेत. त्या काळी नमुना कागदावर उतरे. आज तो तळहाताएवढ्या बाह्य हार्ड डिस्कवर ध्वनिरूपाने साठविला जातो. पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणासारखे संस्थात्मक कार्य असेल, तर सामग्रीच्या अनेक प्रती राहतात. एकट्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांचे तसे नसते. ती पुष्कळदा एकाच डिस्कवर असतात, आणि ज्या वृद्धेने ओवी किंवा कहाणी सांगितली ती पुन्हा सांगावयास असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

अशी डिस्क एके दिवशी रिकामी दिसू लागली, किंवा हातून चुकीचा फोल्डर पुसला गेला, तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे समजण्यासाठी ‘पुसणे’ या क्रियेचे स्वरूप आधी ध्यानी घेतले पाहिजे. संगणकाच्या व्यवहारात हा शब्द मोठा फसवा आहे. पाटीवरील अक्षरे पुसली की ती जातात. डिस्कवरील फाइल पुसली असता बहुधा काहीच जात नाही.

हार्ड डिस्कच्या पेटीत चुंबकीय लेपाच्या तबकड्या असतात. प्रवासी बनावटीच्या डिस्कमध्ये त्या सामान्यत: मिनिटाला ५४०० फेरे घेतात, आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष त्यांच्यावरून केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. तबकडीवरील जागा लहान लहान कप्प्यांत विभागलेली असते. हल्लीच्या डिस्कवर असा एक कप्पा ४०९६ बाइटांचा धरला, तर एक टेराबाइटाच्या डिस्कवर सुमारे २४ कोटी ४१ लाख कप्पे होतात. क्षेत्रकार्यात रूढ असलेल्या ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, द्विवाही मुद्रणाची एक तासाची मुलाखत त्यांपैकी सुमारे अडीच लाख कप्पे व्यापते. हे कप्पे एकापुढे एक असतीलच असे नाही. म्हणून कोणती फाइल कोणकोणत्या कप्प्यांत आहे याची एक यादी डिस्कवरच अन्यत्र ठेवलेली असते, आणि फाइल उघडताना संगणक प्रथम ती यादी पाहतो.

पुण्याच्या पेशवे दप्तराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. तेथे कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि इष्ट कागदापर्यंत पोचण्याचे साधन म्हणजे यादी. समजा, कोणी यादीतील एक ओळ खोडली. रुमालातील कागदाला त्यामुळे काही इजा होत नाही. मात्र यादीवर विसंबणाऱ्या माणसाच्या लेखी तो कागद नाहीसा झाला, आणि त्याची जागा रिकामी समजून तेथे दुसरा कागद ठेवण्यास मोकळीक मिळाली. संगणक फाइल ‘पुसतो’ म्हणजे नेमके इतकेच करतो. जुन्या ‘फॅट’ पद्धतीत फाइलच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि तिच्या कप्प्यांची साखळी मोकळी केली जाते. ‘एनटीएफएस’ पद्धतीत नोंदीवरील ‘वापरात’ ही खूण काढली जाते. नाव, दिनांक आणि कप्प्यांचे पत्ते हे सर्व ती नोंद दुसऱ्या फाइलसाठी वापरली जाईपर्यंत जसेच्या तसे राहते. शीघ्र फॉरमॅट केले, तर जुनी यादी टाकून नवी कोरी यादी मांडली जाते. रुमाल तसेच राहतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. हरवलेल्या फाइलचा खरा शत्रू पुसणे हा नसून त्यानंतर होणारे लेखन हा आहे. म्हणून अपघात ध्यानी येताच त्या डिस्कवर एकही अक्षर लिहिले जाऊ नये, हा या शास्त्राचा पहिला नियम. तो सोपा वाटतो; पाळणे मात्र कठीण, कारण संगणक न विचारताही लिहीत असतो. डिस्क जोडताच चित्रांच्या लघुप्रतिमा तयार होतात, शोधसूची अद्ययावत होते, डिस्क ‘दुरुस्त’ करणारी आज्ञा यादीतील विसंगती आपल्या समजुतीप्रमाणे छाटून टाकते. ‘डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ या प्रश्नाला घाबरून दिलेले होकारार्थी उत्तर, आणि फाइली परत मिळविण्यासाठी मागविलेली आज्ञावली त्याच डिस्कवर उतरविणे, हे दोन प्रमाद तर नित्याचे. दुसरा प्रमाद म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढण्यासाठी त्याच विहिरीत दगड टाकण्यासारखे आहे.

तेव्हा योग्य मार्ग असा की, डिस्क केवळ वाचता येईल अशा रीतीने जोडावी, तिच्या प्रत्येक कप्प्याची, रिकाम्या दिसणाऱ्या कप्प्यांसह, दुसऱ्या तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत करावी, आणि पुढील सारे प्रयोग त्या प्रतीवर करावे. मूळ पोथी कपाटात ठेवून छायाप्रतीवर काम करण्याची संशोधकांची रीत येथे तंतोतंत लागू पडते. ‘डीडीरेस्क्यू’ ही मुक्त आज्ञावली याच कामासाठी आहे. ती प्रथम विनासायास वाचता येणारा भाग उचलते, अडणारे कप्पे बाजूला नोंदवून ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. कारण आसन्नमरण डिस्कला आरंभीच अवघड जागी राबविले, तर सोपा भागही हातचा जाण्याचा संभव असतो.

डिस्क खाली पडली असेल, तिच्यातून ठराविक अंतराने टकटक असा ध्वनी येत असेल, किंवा किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेने तिचे जोड गंजले असतील, तर प्रश्न निराळा होतो. तेथे बिघाड यंत्राचा असतो आणि आज्ञावलीचा उपाय चालत नाही. वीज तत्काळ बंद करणे आणि धूलिरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे डिस्क सोपविणे, एवढेच अभ्यासकाच्या हाती राहते. घरी पेटी उघडणे म्हणजे तबकडीवर धूळ घालणे होय.

अशा प्रयोगशाळा काय करू शकतात याचे सर्वांत विलक्षण उदाहरण ‘कोलंबिया’ या अंतराळयानाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान पृथ्वीच्या वातावरणात परतताना भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यानावर झेनॉन वायूच्या श्यानतेविषयीचा एक प्रयोग होता. त्याची ४०० मेगाबाइटांची हार्ड डिस्क जळक्या अवस्थेत टेक्ससमध्ये सापडली. तीवरील सुमारे ९९ टक्के सामग्री वाचविता आली आणि प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. या यशात कौशल्याइतकाच दैवाचाही वाटा होता. डिस्क सुमारे निम्मीच भरलेली होती, आणि ती वापरणारी जुनी ‘डॉस’ प्रणाली सामग्री विखरून न टाकता सलग लिहीत असे. त्यामुळे तबकडीचा जो भाग बिघडला तेथे लिहिलेले काही नव्हतेच. फाइलचे कप्पे सलग असणे किती मोलाचे, हे यावरून दिसते.

यादी शाबूत असेल तर नावासकट फाइल परत येते. यादीच नष्ट झाली असेल, तर एकेक कप्पा उघडून त्यातील मजकुराच्या लक्षणांवरून फाइल ओळखावी लागते. ‘फोटोरेक’सारख्या आज्ञावल्या असेच करतात. प्रत्येक जातीच्या फाइलच्या आरंभी काही ठराविक चिन्हे असतात, ग्रंथारंभीच्या ‘श्रीगणेशाय नम:’ प्रमाणे. ‘वेव्ह’ जातीच्या ध्वनिफाइलच्या आरंभी ‘रिफ’ हा चतुरक्षरी शिक्का आणि लगोलग फाइलची लांबी असते. कप्पे सलग असतील तर कोठून कोठपर्यंत उचलावे हे त्यावरून कळते. कप्पे विखुरलेले असतील तर मात्र पंचाईत होते. संकोच न केलेल्या ध्वनीच्या मधल्या कप्प्याला स्वत:ची अशी काही ओळख नसते. तो कोणत्या मुलाखतीचा, हे तो सांगत नाही. याउलट ‘एमपी३’ जातीच्या फाइलमध्ये सेकंदाच्या लहानशा अंशागणिक नवे शीर्षक येते, त्यामुळे तिचा तुटका तुकडाही ऐकता येतो. उच्चारशास्त्राच्या दृष्टीने श्रेष्ठ असलेली जात पुन:शोधाच्या दृष्टीने अधिक नाजूक ठरावी, हा थोडा विरोधाभासच म्हणावयाचा.

लेखी टिपणांच्या बाबतीत देवनागरी लिपी अभ्यासकाला अनपेक्षित साहाय्य करते. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतील पहिले दोन, षोडशमान पद्धतीने, ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ हेच असतात. ‘वाणगाव’ या शब्दात काने धरून सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. साध्या मजकुराच्या फाइलसाठी डिस्कभर या अठरा बाइटांचा क्रम शोधला, तर यादीविनाही त्या गावाचा उल्लेख असलेली टिपणे सापडू शकतात. जुन्या ‘डॉक’ जातीच्या फाइलसाठी हाच शब्द बारा बाइटांच्या दुसऱ्या संकेतनात शोधावा लागेल. नव्या ‘डॉकएक्स’ फाइलमधील मजकूर संकोचित असल्याने तेथे हा उपाय चालत नाही, आणि युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर त्या त्या टंकाच्या संकेतांनीच शोधावा लागतो.

परंतु अशा रीतीने परत आलेल्या फाइलींना नाव नसते, दिनांक नसतो, क्रम नसतो. तीनशे ध्वनिफाइली अनुक्रमांक लावून समोर येतात आणि कोणती वक्ती कोणत्या पाड्यावरची, हे सांगणारे काही उरत नाही. बोलीविज्ञानात हा तोटा सामान्य नव्हे. स्थळ, वय आणि वक्त्याची ओळख यांच्याविना उच्चाराचा नमुना म्हणजे प्राप्तिस्थान न कळलेला शिलालेख. येथे पाठचिकित्सेची शिस्त उपयोगी पडते. मुलाखतीच्या आरंभी अभ्यासकाने उच्चारलेले गाव आणि दिनांक, पार्श्वभूमीतील ध्वनी, वहीतील हस्तलिखित नोंदी ही सारी अंत:साक्ष्ये व बहि:साक्ष्ये होत. टिपणात वाणगावचा जिल्हा ‘ठाणे’ असा असेल, तर ते बहुधा १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचे मानता येईल, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. अर्थात सवयीने जुने नाव लिहिणारेही असतातच. अनुमानाने दिलेले नाव अनुमान म्हणूनच नोंदवावे, आणि फाइल पुनर्लब्ध आहे हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. मूळ नावासारखे दिसणारे नाव गुपचूप देणे हे प्रक्षेपाहून फार वेगळे नाही.

पुन:शोधाला मर्यादाही आहेत. एका कप्प्यावर दुसरे लेखन झाल्यावर खालचे लेखन वाचता येते, अशी समजूत दीर्घकाळ होती. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधाने ती दृढ केली, यद्यपि तो निबंध त्या काळच्या विरळ मुद्रणाच्या तबकड्यांसंबंधी होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या क्रेग राइट आदींच्या प्रयोगांत असे दिसले की, एकवार पूर्णपणे अधिलिखित झालेल्या डिस्कवरून उपयुक्त मजकूर मिळविणे व्यवहारात अशक्य आहे. तबकड्यांऐवजी विद्युत्-स्मृती वापरणाऱ्या घनावस्था डिस्कमध्ये पुसल्याची सूचना मिळताच आतील यंत्रणा जागा स्वत:च रिकामी करू लागते, आणि अलीकडील काही तबकडीच्या डिस्कही अशीच सूचना पाळतात. काही बाह्य डिस्कच्या पेटीतील मंडल सामग्री सांकेतिक करूनच लिहिते. ते मंडल जळाले तर सुस्थितीतील तबकडीही मुकी होते.

या विषयाला एक दुसरी बाजू आहे आणि विभागांतून तिचा विचार क्वचितच होतो. परत मिळविता येते याचा अर्थ कोणालाही मिळविता येते. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलट यांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. चालू असलेल्या १२९ पैकी केवळ १२ डिस्क नीट साफ केलेल्या आढळल्या. वाणगावच्या पाड्यावरील वृद्धेने कहाणीच्या ओघात घरातील भांडण, जमिनीचा तंटा किंवा सावकाराचे नाव सांगितले असेल. तिची संमती अभ्यासापुरती होती. एका विद्यार्थ्याचा प्रबंध पुरा झाल्यावर तीच डिस्क ‘रिकामी करून’ दुसऱ्याच्या हाती दिली जाते, तेव्हा तो आवाज तिच्यावर बहुधा असतोच. सामग्री अन्यत्र सुरक्षित झाल्याची खात्री पटल्यावर अशा डिस्कचे शीघ्र नव्हे, संपूर्ण फॉरमॅट करावे. विंडोज प्रणालीच्या व्हिस्टा आणि त्यापुढील आवृत्त्यांत ते प्रत्येक कप्प्यात शून्ये लिहिते. त्याला काही तास लागतात.