रुतलेली गाडी आणि दोराची जागा



पावसाळ्याच्या दिवसांत वरोरा, राजुरा किंवा चामोर्शीकडच्या एखाद्या कच्च्या रस्त्याने तुम्ही गेला असाल, तर चिखलात रुतलेली जीप किंवा ट्रक तुम्ही नक्कीच पाहिला असेल. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात काळी माती आहे. पाणी मिळाले की ही माती फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. पूर्वेकडे व गडचिरोलीत धानाच्या बांध्या, नाले आणि जंगलातल्या वाटा आहेत. उन्हाळ्यात वैनगंगेच्या पात्रात उतरलात, तर तेथे वाळूच वाळू असते. म्हणजे चाक फसण्यासाठी राजस्थानच्या वाळवंटातच जायला हवे, असे नाही.

गाडी रुतली की चार माणसे गोळा होतात. कोणी ट्रॅक्टर आणतो, कोणी साखळी आणतो. ही साखळी म्हणजे तुम्ही घरी जिला जंजीर म्हणता तीच. मग घाईघाईने ती गाडीला कोठेतरी अडकवतात आणि “ओढ रे!” असा आवाज होतो. या ‘कोठेतरी’मध्येच खरा धोका आहे. चुकीच्या जागी दोर बांधल्यामुळे माणसे जखमी झाली आहेत, काही प्राणासही मुकली आहेत. म्हणून दोर कोठे बांधावा आणि कोठे बांधू नये, हे आज आपण समजून घेऊ.

प्रथम जोराचा विचार करू. पक्क्या सडकेवर बंद पडलेली जीप दोन-तीन माणसे ढकलू शकतात. तीच जीप चिखलात फसली, तर दहा माणसांनाही हलत नाही. असे का? सडकेवर चाक नुसते फिरते. चिखलात मात्र त्याला पुढची माती दूर सारावी लागते आणि खालची माती त्याला धरून ठेवते. लष्करात रुतलेली वाहने काढणारे लोक एक ठोकताळा वापरतात. चाके तुंब्यापर्यंत रुतली असतील, तर साधारण गाडीच्या वजनाइतका जोर लागतो. चिखल मडगार्डपर्यंत आला असेल, तर त्याच्या दुप्पट. म्हणजे 1500 किलो वजनाची जीप मडगार्डपर्यंत रुतली, तर 3000 किलोच्या ओढीची तयारी हवी. हा सारा जोर दोराच्या दोन टोकांवर येतो. एक टोक रुतलेल्या गाडीला असते, दुसरे ओढणाऱ्याला किंवा झाडाला.

आता बैलाकडे पाहा. बैल बंडी ओढतो तो खांद्याने. म्हणूनच जू खांद्यावर ठेवतात. शिंगांना किंवा शेपटीला दोर बांधून कोणी बंडी ओढवत नाही. मोटारीलाही असा एक ‘खांदा’ असतो. गाडीच्या तळाशी लोखंडी पट्ट्यांची मजबूत चौकट असते, तिला चासी म्हणतात. इंजिन, बैठका, चाके हे सारे या चौकटीवर बसवलेले असते. जीप व ट्रक यांच्या चासीला पुढे किंवा मागे जाड लोखंडी आकडे पक्के जोडलेले असतात. दोर अडकवायचा तो तेथेच.

बंपर हा गाडीचा खांदा नव्हे. तो धक्का सोसण्यासाठी असतो, ओढ सोसण्यासाठी नसतो. स्टिअरिंगचा रॉड तर मुळीच धरू नये. तो वाकला, तर गाडी निघेल, पण पुढे वळणार नाही. लहान मोटारीच्या खाली काही भोके व कड्या दिसतात. कारखान्यातून ट्रकवर लादून नेताना गाडी हलू नये, म्हणून तेथे दोर बांधतात. चिखलातली ओढ त्यांना झेपत नाही. अशा गाडीबरोबर पेचाने बसवायची एक कडीही मिळते. ती बंद पडलेली गाडी सडकेवरून नेण्यासाठी असते. रुतलेल्या गाडीसाठी तिच्यावर विसंबणे बरे नाही.

सर्वांत फसवी जागा म्हणजे गाडीच्या मागे असलेला लोखंडी गोळा. त्याला मागची लहान गाडी जोडतात. तो दिसायला भक्कम असतो, त्यामुळे त्यात दोराचा फास अडकवावासा वाटतो. पण झटका बसला की हा गोळा मुळातून तुटतो आणि ताणलेला दोर त्याला गोफणीच्या दगडासारखा भिरकावतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

दोन आकड्यांना मिळून दोर बांधला, तर जोर वाटला जातो. पण येथे थोडे गणित आहे. दोराच्या दोन फाट्यांमधील कोन लहान असला, म्हणजे समजा 60 अंश, तर प्रत्येक आकड्यावर एकूण ओढीच्या सुमारे 58 टक्के भार येतो. कोन 120 अंश झाला, तर प्रत्येक आकड्यावर पूर्ण ओढीइतका भार येतो. म्हणजे दोन आकडे वापरूनही काही लाभ झाला नाही! म्हणून फाटे लांब ठेवावेत.

आपल्याकडे गाडी ओढायला बहुधा ट्रॅक्टरच येतो. त्याच्या बाबतीत जागेची चूक फारच महागात पडते. ट्रॅक्टरच्या मागे, मोठ्या चाकांच्या एक्सलपेक्षा खाली, ओढण्याचा आकडा असतो. साखळी तेथेच हवी. ती एक्सलवर किंवा त्याहून उंच बांधली आणि भार हलला नाही, तर काय होते? मागची चाके अडून राहतात, इंजिनचा जोर मात्र चालूच असतो. मग ट्रॅक्टरचे पुढचे तोंड घोड्यासारखे वर उचलले जाते आणि पाहता पाहता तो चालकाच्या अंगावर उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

जवळ ट्रॅक्टर नसेल, तर झाडाचा आधार घेतात. जंगलात झाडांना तोटा नाही, पण प्रत्येक झाड कामाचे नसते. वाळलेले झाड नको. बुंध्याला वारूळ लागले असेल, तर आत पोकळी असू शकते. दगडाने ठोकून पाहावे, पोकळ आवाज आला तर दुसरे झाड शोधावे. नाल्याच्या काठावरचे, मुळे उघडी पडलेले झाडही टाळावे. निवडलेल्या झाडाला दोर अगदी बुडाशी बांधावा. उंच बांधला तर तरफेसारखा परिणाम होऊन झाडच उपटून येते.

आणि बुंध्यावर नुसती तार किंवा साखळी कधी गुंडाळू नये. खोडाच्या सालीखालून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. तारेने ती साल चहूबाजूंनी सोलली गेली, तर मुळे उपाशी राहतात आणि झाड हळूहळू मरते. ते झाड मोहाचे असेल, तर एखाद्या कुटुंबाची दरवर्षीची मोहफुलेही गेली. म्हणून रुंद पट्टा वापरावा. पट्टा नसेल, तर पोत्यांची जाड घडी मध्ये घालावी.

दोर ताणला गेला की त्याच्यात शक्ती साठते. तो तुटला, तर ती शक्ती एका क्षणात मोकळी होते आणि दोर चाबकासारखा उलटून येतो. लोखंडी तार पायावर बसली, तर हाड मोडते. म्हणून दोराच्या मधोमध ओले पोते किंवा जाड सतरंजी टाकून ठेवतात. तिच्या वजनाने दोर खाली पडतो. पाहणाऱ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे राहावे. ताणलेला दोर ओलांडून जाणे हा तर निव्वळ वेडेपणा आहे. मला विचाराल, तर लहान मुलांना तेथून घरी पाठवावे, मग त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

खरे तर दोराच्या आधी फावडे आणावे. चाकापुढचा चिखल काढला, बांबू किंवा फांद्या घातल्या आणि चाकातील हवा थोडी कमी केली, तर लागणारा जोर पुष्कळ घटतो. कित्येकदा गाडी आली त्याच चाकोरीतून मागे घेणे सोपे जाते.

वाळूत मात्र झाड नसते. तेथे वाळवंटातील प्रवासी जादा चाक जमिनीत पुरतात. खोल खड्डा करून त्यात चाक उभे ठेवतात, त्याला दोर बांधतात आणि दोर सरळ ओढला जावा, म्हणून गाडीच्या बाजूला तिरपी चारी खणतात. मग वाळू भरून ती तुडवून घट्ट करतात. वैनगंगेच्या पात्रातही ही युक्ती चालते. गाडी निघाल्यावर चाक काढून खड्डा बुजवावा लागतो, कारण रात्री त्याच वाटेने एखादी बंडी येते.