घराचा व्यवहार फसला तर : नुकसानभरपाई कशी मागावी



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक प्रसंग वारंवार पाहावा लागतो. नुकतेच निवृत्त झालेले गुरुजी किंवा एस.टी.चे कंडक्टर फंडाची रक्कम काढायला येतात. कशासाठी म्हणून विचारले तर ‘प्लॉट घेतो आहे’ किंवा ‘अमरावतीला फ्लॅट पाहिला’ असे सांगतात. चेकने द्या म्हटले की ‘साहेब, तो रोखच मागतो’ हे ठरलेले उत्तर येते, आणि तीस वर्षांच्या नोकरीची कमाई पिशवीत घालून ते बाहेर पडतात. आपल्या समाजात शहरात घर घेणारी बऱ्याच घरांतली ही पहिलीच पिढी आहे. खरेदीखत कसे वाचावे हे सांगणारे वडीलधारे घरात नसतात. म्हणून हा विषय येथे थोडा तपशिलाने मांडतो.

ग्राहक संरक्षण कायदा डिसेंबर १९८६ मध्ये आला, तेव्हा ग्राहक म्हणजे तेल-साबण घेणारा अशीच समजूत होती. घर बांधून देणे ही ‘सेवा’ आहे, असे कायद्यात १९९३ साली स्पष्ट लिहिले गेले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला मा. सर्वोच्च न्यायालयाने लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला. घर देणारी संस्था सरकारी असली तरी तिला ग्राहकाला भरपाई द्यावी लागेल, आणि झालेला त्रास व मनस्ताप यांचेही पैसे मागता येतील, असे त्यात ठरले. एवढेच नव्हे, तर ज्या अधिकाऱ्यांच्या मनमानीमुळे त्रास झाला त्यांच्याकडून ती रक्कम वसूल करावी, असेही न्यायालयाने म्हटले. घरासाठी भरपाई मागण्याचा आपला पाया हा.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या मामांनी २००९ साली एका मोठ्या शहरातील ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. तीन लाखांपैकी १ लाख ८० हजारांचा डिमांड ड्राफ्ट मीच काढून दिला होता. उरलेले १ लाख २० हजार त्यांनी रोख दिले आणि एक कच्ची पावती आणली. पावतीवर रक्कम होती, खाली नुसती एक रेघ, सही म्हणावी तर सही नाही. दोन वर्षे झाली तरी रस्ता नाही, नाली नाही, जमीन एन.ए.सुद्धा नाही. मामांनी ग्राहक मंचात तक्रार केली. ड्राफ्टची रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश झाला, मनस्तापाचे १० हजार आणि खर्चाचे ५ हजार मिळाले. रोख रक्कम मात्र सिद्ध झाली नाही. मामा म्हणाले, ‘मी खोटं बोलेन का रे?’ ते खोटे बोलत नव्हते, पण ती रेघ काहीच बोलत नव्हती.

या प्रकरणात मामांना तारले ते माहितीपत्रकाने. नुसती जमीन विकत घेतली तर तो साधा विक्रीचा व्यवहार होतो आणि ग्राहक आयोगात तक्रार टिकत नाही. परंतु रस्ते, नाल्या, पाणी, वीज देऊन ले-आउट पाडून देण्याचे कबूल केले असेल तर ती सेवा ठरते. २०१२ साली नारने कन्स्ट्रक्शनच्या खटल्यात मा. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. मामांनी रंगीत माहितीपत्रक कपाटात जपून ठेवले होते. त्यात रस्त्यांची रुंदीसुद्धा छापलेली होती. आज समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा तालुक्यातून गेला आहे आणि ‘महामार्गाजवळचा प्लॉट’ हे शब्द कानावर पडू लागले आहेत. जाहिरातीचा असा प्रत्येक कागद आणि मोबाईलवरचा संदेश सांभाळून ठेवावा.

भरपाई मागताना आकडे वेगवेगळे मांडावेत. मूळ रक्कम व व्याज, ताबा न मिळाल्यामुळे भरावे लागलेले घरभाडे, बँकेच्या कर्जाचे व्याज, दुरुस्तीचा खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च, असे ते असतात. प्रत्येकापुढे कागद हवा : भाड्याची पावती, बँकेचा उतारा, इंजिनिअरचा अहवाल. गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या खटल्यात २००४ साली न्यायालयाने सांगितले की भरपाईचा एकच ठरीव दर नसतो, प्रत्येक प्रकरणातील नुकसान पाहून ती ठरवावी लागते. फुगवून मागितल्याने मात्र काही हाती लागत नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोन नावांखाली मागितले तर ते कापले जातात.

मामांना त्या शहरात तारखांसाठी बसने चकरा माराव्या लागल्या. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. म्हणजे धनजच्या माणसाने पुण्यात फ्लॅट घेतला तरी तक्रार वाशिमच्या जिल्हा आयोगात चालते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. मुदत दोन वर्षांची आहे. ताबाच दिला नसेल तर तक्रारीचे कारण चालू राहते असे न्यायालयांनी मानले आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

दुसरा मार्ग ‘महारेरा’चा. हे प्राधिकरण महाराष्ट्रात २०१७ पासून आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे आणि प्लॉटचे ले-आउटही त्यात येतात. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. बांधकामातील मोठा दोष ताब्यानंतर पाच वर्षांत दिसला तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद झालेले नाही, हे २०२० च्या निकालाने पक्के झाले. मात्र रेरामध्ये परतावा व व्याज प्राधिकरणाकडे आणि नुकसानभरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, असे दोन वेगळे अर्ज असतात. पुष्कळ जण पहिलाच करतात आणि भरपाई राहून जाते.

आणि रोखीबद्दल : जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. तेवढाच दंड घेणाऱ्याला होतो. ‘तो रोखच मागतो’ म्हणणाऱ्यांना मी आता हेच ऐकवतो. काही जण ऐकतात.

आदेश हाती आला म्हणजे पैसे आले असे नाही. अमेरिकेत कारखान्यात तयार केलेली घरे विकणारे व्यापारी असतात. तेथील कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अशा व्यापाऱ्याने फसवले आणि त्याच्याकडून वसुली होत नसेल, तर ग्राहकाला काही भरपाई देण्यासाठी वेगळा निधी ठेवलेला आहे. आपल्याकडे असा निधी नाही. वसुली त्या माणसाकडूनच करावी लागते. रेराचा आदेश जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होतो. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळल्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी ग्राहकाने स्वतः अर्ज करावा लागतो.

मामांनी आदेशानंतर आठ महिने वाट पाहिली, मग जुन्या कायद्याखाली तसाच अर्ज केला. वॉरंट निघाले आणि पंधरा दिवसांत चेक आला. तो त्यांनी माझ्याच काउंटरवर भरला. त्या पैशांतून धनजच्या घरावर स्लॅब पडला. रोखीचे १ लाख २० हजार आजतागायत मिळालेले नाहीत.