तंबूंतील ओलावा आणि बिटकीचीं कलमें

अलीकडे पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांतून झाडें लावण्याचा एक नवा प्रकार निघाला आहे. अंगण नाहीं, गच्ची नाहीं, सज्जांत ऊन येत नाहीं, अशा घरीं खोलीच्या कोपऱ्यांत कापडाचा एक उभा तंबू करितात. आंतून रुपेरी अस्तर, वर दिवा, अंगास हवा ओढून बाहेर टाकणारा लहान पंखा, आणि पुढें चेन लावून बंद करावयाचें दार. त्यांत कोथिंबीर, मिरची, फुलझाडांचीं रोपें होतात. असला एक तंबू आमच्या मालवणच्या घरीं आला, आणि ज्या विषयावर आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें पाठ घेतले तो हवेंतील पाण्याचा विषय आम्हांस उतारवयांत पुनः पहिल्यापासून शिकावा लागला. किनाऱ्यावर राहणाऱ्या ज्या वाचकांच्या घरीं असा तंबू आला असेल, त्यांचें तरी आमच्यासारखें नुकसान होऊं नये, म्हणून हा लेख.

सन २०२१ ची अक्षय्यतृतीया होऊन दोन दिवस झाले होते. १६ मे रोजीं तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेस गेलें. त्या दिवसाचें वर्णन करीत नाहीं. ज्यांनीं तो काढला त्यांस त्याची गरज नाहीं. आमच्या मांगराचें छप्पर गेलें, आणि परसांतील बिटकीचा आंबा विहिरीच्या अंगास आडवा झाला. झाड आमच्या आजोबांच्या वेळचें. फळ लहान, बाठा मोठा. बाजारांत त्यास कोणी विचारणार नाहीं. परंतु घरांत सासव करावयाचें तें त्याच आंब्याचें, आणि माहेरीं आलेल्या मुलींच्या पानांत पहिलें वाढप त्याचेंच. अर्ध्याहून अधिक मुळें उघडीं पडलीं होतीं. एका बाजूचीं जमिनींत राहिलीं, म्हणून पाला हिरवा होता. बाठा पेरून तेंच फळ मिळेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. वाण राखावयाचा तर कलम हाच मार्ग, आणि तोही पाला सुकण्याच्या आंत.

कोंकणांत कोयकलमें पावसाळ्यांत बांधितात. दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं निघालें. त्याच्या तज्ज्ञांचेंही सांगणें हेंच आहे, आणि त्याचें कारण ओलावा. पंधरा दिवसांच्या कोंवळ्या रोपाचा शेंडा छाटून, मध्यें चीर देऊन, तींत मूळ झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवावयाची आणि प्लास्टिकच्या पट्टीनें बांधावयाची. काडीस स्वतःचें मूळ नाहीं. जोड एकजीव होईपर्यंत तिला खालून पाणी मिळत नाहीं, आणि तेवढ्या अवधींत ती सुकली कीं संपलें. म्हणून काडीवर प्लास्टिकची लांब अरुंद टोपी घालितात. वेंगुर्ल्याकडे काजूचीं कलमें करितात त्यांसही अशीच टोपी असते. बारा-पंधरा दिवस टोपीच्या आंतील हवा ओली राहते आणि काडी जगते. ही टोपी म्हणजे बोटाएवढा तंबूच होय.

आमचा मांगर उघडा पडलेला, पाऊस तोंडावर आलेला. तेव्हां मुंबईहून घरीं येऊन आपलें कचेरीचें काम करीत असलेला आमचा नातू म्हणाला, "आजोबा, माझा तंबू आहे कीं! कलमें त्यांतच ठेवूं." तंबू माजघरामागच्या खोलींत उभा राहिला: चार फूट लांब, चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. जूनमध्यें वीस कलमें बांधून आंत ठेविलीं. तंबूबरोबर आलेल्या सूचनापत्रांत लिहिलें होतें कीं, कोंवळ्या रोपांस ओलावा फार लागतो. सकाळ-संध्याकाळ फवारा द्यावा, दार लावलेलें असावें, दिवा दिवसा पेटवावा व रात्रीं मालवावा. आम्हीं तें अक्षरशः पाळलें. आमचा धंदाच छापील मजकुरावर विश्वास ठेवण्याचा.

आठव्या दिवशीं सकाळीं अस्तरावरून पाण्याचे ओघळ येत होते. बाराव्या दिवशीं काड्यांवर काळे ठिपके आणि जोडावर पांढरी बुरशी. कलमें बांधणारा गडी आला, त्यानें दार उघडून नाक आंत घातलें आणि म्हणाला, "गुरुजीनू, ह्या खोपीत माणूस गुदमरतलो, मगे झाडाक वारो खंयसून गावतलो?" विसांपैकीं एकही वांचलें नाहीं. घरांतील मंडळी कांहीं बोलल्या नाहींत. त्या दिवशीं जेवणाच्या वेळीं कोणीच आंब्याचें नांव काढलें नाहीं.

त्या सूचनापत्राचा दोष म्हणावा तर तो एवढाच कीं, तें कोरड्या हवेच्या देशासाठीं लिहिलेलें होतें. आम्हांस मात्र चूक आपल्या स्वयंपाकघरांतच दिसावयास हवी होती. पावसाळ्यांत मिठास पाणी सुटतें हें कोंकणांतील पोरासही ठाऊक असतें. हवेंत जितकें पाणी राहूं शकतें त्याच्या शेंकडा ७५ हून अधिक झालें कीं मीठ तें ओढून घेऊं लागतें. म्हणजे मिठाची बरणी हा आर्द्रतामापकच झाला. १७८३ सालीं जिनीव्हाच्या सोस्यूर नामक शास्त्रज्ञानें माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक प्रसिद्ध केला. ओल्या हवेंत केस लांबतो, कोरड्या हवेंत आखडतो. हल्लीं आंकडे दाखविणारें लहानसें यंत्र मिळतें, परंतु तें खोटेंही बोलतें. त्याची परीक्षा मिठानेंच करावी. घट्ट झांकणाच्या डब्यांत वाटीभर थपथपीत ओलें मीठ ठेवावें, शेजारीं यंत्र ठेवून झांकण लावावें. सात-आठ तासांनीं त्यानें ७५ दाखविले पाहिजेत. आमचें यंत्र ६९ दाखवीत होतें, म्हणजे आम्ही आधींच सहा घरें फसलेले होतों.

आतां हिशेब पाहूं. एक घनमीटर हवेंत ३० अंश उष्णतेस फार तर ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २५ अंशांस सुमारें २३ ग्रॅम. आमच्या तंबूंत हवा तीन घनमीटरांहून किंचित् कमी. तेव्हां साऱ्या तंबूभर हवेंत मिळून लहान वाटीभरच पाणी मावावयाचें. आणि आम्ही फवारा व कुंड्या मिळून रोज दोन लिटर आंत ओतीत होतों! तें सारें मातींतून वर येणार, तें जाईल कोठें? दिवसा दिव्याच्या उबेनें ३० अंश असतां हवा शेंकडा ८० भरलेली असेल तर तींत २४ ग्रॅम वाफ असते. रात्रीं दिवा मालवला, हवा २५ अंशांवर आली, आणि २३ च मावूं लागले. उरलेलें अस्तरावर आणि पानांवर दंवाच्या रूपानें बसतें. पान किंवा काडी कांहीं तास सतत ओली राहिली कीं करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांस तेवढेंच पाहिजे असतें.

पंखा जोरानें लावला तर? नातवानें प्रथम तेंच केलें, आणि कांहीं उपयोग झाला नाहीं. कारण बाहेरची हवाही तितकीच ओली. आषाढांत आमच्याकडे २७ अंश उष्णता आणि शेंकडा ९० ओलावा ही नित्याची गोष्ट. ओली हवा काढून ओलीच आंत घेतली! परंतु तीच हवा चार अंश तापवून ३१ वर नेली, तर पाणी तेवढेंच राहून ओलावा शेंकडा सुमारें ७२ वर येतो. हवेंतील पाण्याचा एक थेंबही काढावा लागला नाहीं. आमच्या जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर कांदे, कडधान्यें आणि बियाणें कां ठेवीत, याचें उत्तर यांतच आहे. आम्ही मात्र तें धुराच्याच नांवावर मांडून बसलों होतों.

बिटकीच्या एका फांदीवर जुलैच्या आरंभासही पाला टिकून होता. दुसरीं वीस कलमें बांधलीं, तीं या हिशेबानें ठेविलीं. दिवा रात्रीं पेटवूं लागलों व दिवसा मालवूं लागलों. हल्लींचे दिवे पूर्वीच्या गोळ्यांइतके तापत नाहींत, तरी लहान तंबूंत तीन-चार अंश चढतात. आणि रात्रीं तेंच हवें असतें. पंखा मंद, परंतु अखंड. फवारा बंद. पाणी सकाळीं एकदां, तेंही पिशवीच्या मातीस, बोट घालून पाहून. पिशव्या एकमेकींस न चिकटतां वीतभर अंतरावर. खालच्या ताटांत सांचलेलें पाणी त्याच वेळीं ओतून टाकावयाचें. पेटाऱ्यांत चुन्याची किंवा कोळशाची पुरचुंडी ठेवितात, ती येथें निरुपयोगी; बंद पेटारा श्वास सोडीत नाहीं, झाड सोडतें. हवा थंड करून तिच्यांतील पाणी भांड्यांत पाडणारें यंत्रही मिळतें. तें खरें काम करितें, परंतु त्यास खोली बंद लागते, वीज पुष्कळ लागते, आणि आमच्याकडे वादळानंतर ती वारंवार जात होती. वीज गेली कीं चेन उघडून दार मोकळें सोडीत असूं.

येथें कोणी विचारील कीं, ओलावा शत्रु तर टोपी कशाला? टोपी ठेविली. लंडनच्या डॉ. वॉर्ड यांनीं १८२९ सालीं बंद बाटलींत नेचा आपोआप उगवलेला पाहिला, आणि त्यावरून कांचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ सालीं अशा पेट्यांतून नेचे सिडनीपर्यंत जिवंत पोंचले. पुढें चिनी चहाचीं रोपेंही तशाच पेट्यांतून हिंदुस्थानांत आलीं. बंद ओलाव्यानें तीं वांचलीं. तेव्हां टोपीच्या आंत काडीपुरती ओली हवा, आणि टोपीबाहेर वाहती, थोडी कोरडी हवा, अशी वांटणी करावयाची. आम्हीं पहिल्या खेपेस साऱ्या तंबूचीच टोपी केली होती.

पंधराव्या दिवशीं टोप्या काढल्या, त्या संध्याकाळीं. प्रथम टोंक कापून, दोन दिवसांनीं पूर्ण. एकदम काढल्यास कोंवळा कोंब माना टाकितो. वीसपैकीं नऊ फुटलीं. तांबूस पानें आलीं, त्या दिवशीं घरांतील मंडळींनीं तंबूपुढें निरांजन ओंवाळलें. नातू हसला, आम्ही हसलों नाहीं. पुढें दोन मेलीं, त्यांचें कारण ओलावा नव्हे, तर वासरूं.

सातांपैकीं तीन मुलींच्या सासरीं गेलीं, दोन शेजारीं, आणि दोन विहिरीजवळ, जुनें झाड होतें तेथून चार हात अलीकडे लावलीं. तंबू माजघरामागेंच आहे. श्रावणांत त्यांत दिवा लावून घरांतील मंडळी पापड ठेवितात, आणि वाळतात असें म्हणतात. त्याची परीक्षा आम्हीं अद्याप मिठानें केलेली नाहीं.