भिंगाच्या गाभ्यातील पेशी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. घरी रोहू शिजली, की तिच्या डोळ्यातून निघणारी टणक पांढरी गोळी तुम्ही पाहिली असेल. ती गोळी म्हणजे माशाच्या डोळ्याचे भिंग. मासा कच्चा असताना हेच भिंग काचेसारखे स्वच्छ असते. वर्तमानपत्रावर ठेवले तर खालची अक्षरे मोठी दिसतात. (शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा.) उष्णतेमुळे अंड्यातील पांढऱ्या भागाप्रमाणे भिंगातील प्रथिनेही गोठतात आणि पारदर्शकता जाते.

माणसाच्या डोळ्यातले भिंग न शिजताच पांढरे पडते, त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. तो म्हातारपणी होतो हे सर्वांना ठाऊक आहे; पण काही बाळे तो घेऊनच जन्माला येतात. असे का व्हावे?

गर्भ सुमारे चार आठवड्यांचा असताना डोळ्याच्या जागी बाहेरील पेशींचा थर जाड होतो, आत वळतो आणि सुटून त्याची पोकळ गोळी बनते. मागच्या पेशी लांब वाढून ती पोकळी भरून काढतात. पुढे जन्मभर नवे पेशीतंतू कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यांच्यावर चढत जातात. म्हणजे तुमच्या आजोबांच्या भिंगाच्या गाभ्यातील पेशी त्यांच्या जन्माआधीच्या आहेत!

प्रकाश अडू नये म्हणून हे तंतू आपली केंद्रके व तंतुकणिका मोडून टाकतात. भिंगात रक्तवाहिन्याही नसतात. मग गाभ्यातील पेशींचे पोषण कसे होते? धानाच्या शेतात एका बांधीतले पाणी दुसऱ्या बांधीत सोडतात, तसे शेजाऱ्यांकडून. पेशीपटलात कनेक्सिन नावाची प्रथिने आरपार बसलेली असतात. सहा कनेक्सिनांची अर्धी नळी होते. शेजारच्या पेशीतील अर्धी नळी तिला येऊन भिडली, की दोन पेशींमध्ये बोगदा तयार होतो. त्यातून क्षार आणि लहान रेणू जातात, प्रथिने जात नाहीत.

तंतूंच्या पटलात याहूनही विपुल असते ते अ‍ॅक्वापोरिन-शून्य. ते पाण्याला वाट देते, शिवाय तंतूंना एकमेकांना चिकटवूनही ठेवते. तंतूंमध्ये फटी पडल्या तर प्रकाश विखुरतो. पाण्याच्या अशा नळ्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता बाळाच्या मोतीबिंदूकडे वळू. एका जन्मजात मोतीबिंदूचे जनुक डफी रक्तगटाच्या जनुकाजवळ आहे, हे रेनविक आणि लॉलर यांनी १९६३ साली दाखवले होते. नेमका दोष सापडला तो १९९८ साली. कनेक्सिन-५० मध्ये चारशेहून अधिक अमिनो आम्लांची साखळी असते; तिच्यात ८८व्या जागी प्रोलीनऐवजी सेरीन आले होते. बस्स, एवढेच! अर्थात, प्रत्येक जन्मजात मोतीबिंदू आनुवंशिक नसतो. गरोदरपणी आईला रुबेला झाला तरी तो होऊ शकतो.

बाळाच्या बाहुलीत पांढरे दिसले, तर ते मोठे होण्याची वाट न पाहता लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवतात. दाट मोतीबिंदू असल्यास पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करतात. उशीर झाला तर डोळा साफ होतो खरा, पण तोवर मेंदू पाहायला शिकलेला नसतो.